खुलं पत्र: स्पीच थेरपीची खोली बंद करणाऱ्या विश्वस्तांना

मा. विश्वस्त मंडळी, सीईओ साहेब आणि मेडिकल सुपरिटेंडेंट सर,

सप्रेम नमस्कार.

हॉस्पिटलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कोल्हापूर असून असून किती मोठं असणार, तुमचं तुम्हाला कळेल. बदनामी करायचा हेतू नाही, आमच्या आबांचा जीव तुमच्याच आयसीयूत वाचलाय आणि ते उपकार आमचं घर कधी विसरणार नाही. पण म्हणून पुढचं सगळं गप्प बसून बघायचं असं होत नाही ना. दोनदा भेटायचा प्रयत्न केला, रिसेप्शनच्या पुढं कोणी जाऊ दिलं नाही, म्हणून आता सगळ्यांच्या समोर लिहितेय.

झालंय असं की स्पीच थेरपीच्या दारावर एक कागद चिकटवलाय. "सदर विभाग तूर्त बंद करण्यात येत आहे." खाली सही नाही, तूर्त म्हणजे कधीपर्यंत ते नाही, चालू असलेल्या पेशंटनी कुठं जायचं ते तर नाहीच. चौकशी केली तर कळलं की ती खोली आता हेल्थ चेकअप पॅकेजच्या काउंटरला द्यायची आहे. आणि ऑफिसातल्या एका साहेबांनी (चांगला माणूस आहे, पाणी विचारलं, बसायला खुर्ची दिली) मला समजावून सांगितलं, "ताई, त्या डिपार्टमेंटला पेशंटच नाहीत ओ, परवडत नाही. आणि तसं त्यात काय असतंय, बोलायचंच असतंय की, घरात बोलत बसा."

या एका वाक्यासाठी हे एवढं लांब पत्र आहे. कारण हे एकट्या त्या साहेबांचं मत नाही, तुमच्या निर्णयाच्या मुळाशीच ते आहे असं मला वाटतंय.

आधी माझा संबंध सांगते. आमचे आबा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर होते, सगळं आयुष्य तिथंच गेलं. सौद्याला उभे राहिले की आवाज पार रस्त्यापर्यंत यायचा. शेतकऱ्याशी बोलायचं, व्यापाऱ्याशी बोलायचं, दर पुकारायचा, भांडण मिटवायचं, सगळं तोंडावर. एका सकाळी चहाचा कप उजव्या हातातनं सुटला, तोंड वाकडं झालं आणि शब्द फुटेना. शेजारच्या पोरानं टीव्हीवर कुठंतरी बघितलेलं की साडेचार तासांच्या आत गाठ विरघळायचं इंजेक्शन देता येतंय, त्यानं रिक्षाबिक्षा न बघता स्वतःच्या गाडीत घातलं आणि तुमच्याकडं आणलं. वेळेत पोचलो. इंजेक्शन मिळालं. आबा वाचले. पाय फिजिओथेरपीनं आला, हात बऱ्यापैकी आला. बोलणं नाही आलं.

पहिले कितीतरी दिवस आबांच्या तोंडातनं एकच शब्द निघायचा, "दर". पाणी पाहिजे, दर. संडासला जायचंय, दर. आई रडायला लागली की तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून, दर, दर. नातेवाईक यायचे आणि म्हणायचे डोक्यावर परिणाम झाला वाटतं, अजून गुळातच आहेत. आणि गंमत म्हणजे हेच आबा रविवारी टीव्हीवर जोतिबाचा डोंगर दाखवला की एकदम खणखणीत "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणायचे, एक अक्षर चुकायचं नाही. आरती पूर्ण म्हणायचे. इंजेक्शनची सुई टोचली की अस्सल कोल्हापुरी शिवी, तीही एकदम स्पष्ट. मग आम्हालाच शंका यायची की हे मुद्दाम करतायत का काय.

हे सगळं काय चाललंय ते आम्हाला तुमच्या त्या खोलीतल्या थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं. दुसऱ्या कोणी नाही. राउंडला येणाऱ्या डॉक्टरांना वेळ नव्हता, मी त्यांना दोष देत नाही, पण सांगितलं मॅडमनी. याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. कानाला काही झालेलं नाही, जिभेला नाही, अक्कल शाबूत आहे. मेंदूत भाषेचं काम करणारं जे जाळं आहे त्याचं रक्त बंद पडलं. उजव्या हातानं काम करणाऱ्या साधारण ९५ टक्के लोकांत हे जाळं मुख्यतः डाव्या बाजूला असतंय, डावखुऱ्यांतसुद्धा जवळपास ७० टक्के लोकांत डावीकडंच. आणि डाव्या बाजूची जी मधली मोठी रक्तवाहिनी आहे तीच उजव्या हाताला आणि तोंडाला हलवणाऱ्या भागाला रक्त देते आणि तीच भाषेच्या भागाला देते. म्हणून उजवी बाजू लुळी पडलेल्या पेशंटची वाचा पण बऱ्याचदा जाते. गोदाम गुळाच्या ढेपांनी भरलेलं आहे, फक्त माल बाहेर काढणारा हमाल गेलाय, असं मी आईला समजावलं आणि तिला ते पटलं.

आणि तोंडपाठ गोष्टी, म्हणजे आरती, एक ते शंभर, शिव्या, या मेंदू एकगठ्ठा काढतो, त्यासाठी शब्द शोधून वाक्य जुळवावं लागत नाही. म्हणून चांगभलं येतंय आणि पाणी येत नाही.

मला वाटलेलं हे आमच्याच नशिबाला आलंय. पण मॅडमनी सांगितलं, पॅरिसजवळच्या बिसेत्र नावाच्या हॉस्पिटलात लेबोर्न नावाचा एक पेशंट होता, एकवीस वर्षं तिथं राहिला, त्याला फक्त "तान" बोलता यायचं. काहीही विचारा, तान तान. सगळे त्याला तानच म्हणायचे. १८६१ मध्ये तो वारला तेव्हा पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरनं त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूला पुढच्या भागात खराबी दाखवली. त्याच्यानंतर १८७४ मध्ये कार्ल वेर्निके नावाच्या सव्वीस वर्षांच्या पोरगेल्या डॉक्टरनं दुसरा प्रकार सांगितला, ज्यात माणूस धाडधाड बोलतो पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचंही त्याला नीट समजत नाही, ती खराबी कानाच्या वरच्या अंगाला, मागच्या बाजूला असते. तो लेबोर्नचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलाय, २००७ मध्ये त्याचा एमआरआय काढला तर कळलं की खराबी ब्रोकाला वाटली त्यापेक्षा बरीच खोलवर होती. म्हणजे दीडशे वर्षांनी सुद्धा लोक त्या एका माणसाच्या न बोलण्याचा अभ्यास करतायत. आणि आमच्या आबांना सांगितलं जातंय, घरात बोलत बसा.

आता माझ्या तक्रारी. आवाज चढवत नाही, एकेक सांगते.

पहिली गोष्ट, निर्णय घेतला कसा. उपचार चालू असलेल्या पेशंटना एक फोन नाही, फाइल हातात नाही, दुसऱ्या थेरपिस्टचं नाव नाही. उद्या डायलिसिस बंद करायचं झालं तर असा कागद चिकटवाल का? नाही ना. मग आमचा उपचार हा उपचार नाही असं तुम्हाला वाटतं हे त्या कागदावरच लिहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट, "पेशंटच नाहीत". यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण परवडत नाही ही अडचण खरी असू शकते, ट्रस्ट चालवायचा म्हणजे पैसे लागतात हे मी समजते. पण पेशंट नाहीत हे खरं नाही. लकव्याच्या (म्हणजे मेंदूच्या झटक्याच्या) दर तीन पेशंटमधल्या साधारण एकाला सुरुवातीला अफेजिया असतो, हे जगभरचं गणित आहे. तुमच्या न्यूरो वॉर्डातले बेड मोजा आणि तीननं भागा. हे लोक जातात कुठं? मी सांगते कुठं जातात. आबांचं डिस्चार्ज कार्ड माझ्यासमोर आहे. त्यावर उजव्या हातापायाची ताकद किती ते आकड्यात आहे, बीपी आहे, शुगर आहे, नऊ गोळ्या आहेत, फिजिओथेरपीला या असं आहे. बोलण्याबद्दल दोनच शब्द, "बोलणं बोबडं". बास. अहो बोबडं बोलणं म्हणजे तोंडाचे स्नायू कमजोर होऊन उच्चार अस्पष्ट होणं, तो वेगळा आजार, त्यात माणसाला शब्द आठवतात, वाक्य जुळतंय, लिहून पण दाखवता येतंय, नुसतं स्पष्ट येत नाही. आबांना शब्दच सापडत नव्हता. दोन्हीचे उपचार वेगळे. ते कार्डावर लिहिलंच नाही, स्पीच थेरपीला पाठवलंच नाही, मग डिपार्टमेंटला पेशंट येणार कुठनं, जोतिबाच्या डोंगरावरनं? आम्ही तिथं पोचलो ते फिजिओच्या रांगेत बसलेल्या एका बाईनं सांगितलं म्हणून.

आणि तपासायला काय मोठं मशीन लागत नाही. पेन, घड्याळ, किल्ली दाखवायची, नाव विचारायचं. डोळे मिटा, छताकडं बोट करा, असं तोंडी सांगायचं, हातवारे न करता. एक वाक्य माझ्यामागं म्हणा म्हणायचं. चार ओळी वाचायला द्यायच्या, स्वतःचं नाव लिहायला सांगायचं. पाच-दहा मिनिटांत अंदाज येतो की समजतंय पण बोलता येत नाही, का बोलतोय पण समजत नाही, का दोन्ही चांगलं आहे आणि फक्त ऐकलेलं परत म्हणताना घोळ होतोय. हा तिसरा प्रकार पण असतो, भाषेच्या पुढच्या आणि मागच्या भागाला जोडणारा जो तंतूंचा पट्टा आहे त्याला इजा झाली की असं होतंय म्हणतात.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बोलतात पण समजत नाही अशा लोकांचे तर हाल विचारू नका. बाकड्यावर आमच्या शेजारी पन्हाळ्याकडच्या एक काकू बसायच्या, त्यांचे मिस्टर रिटायर शिक्षक. हातपाय ठणठणीत, त्यामुळं लकवा आहे हेच कोणाला कळलं नाही. एक दिवस उठले आणि भलतंच बोलायला लागले, फर्ड्या आवाजात, वर्गात शिकवल्यासारखं, पण शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग वेड्याच्या गोळ्या चालू झाल्या, स्कॅन फार उशिरा निघाला. २०२२ मध्ये हॉलिवूडच्या ब्रूस विलिसला अफेजिया झाल्याची बातमी आली तेव्हा आपल्याकडं पण सगळ्यांनी हळहळून शेअर केली, (त्याचा प्रकार वेगळा, मेंदू हळूहळू झिजत जाणारा, आमच्या लोकांचा तसा वाढत जाणारा नाही) पण पन्हाळ्याच्या गुरुजींना तोच शब्द लावायला कोणाला सुचलं नाही.

तिसरी गोष्ट, "घरात बोलत बसा". बसतोच आहे की. आई दिवसभर बोलत असते. पण आई आबांना काय म्हणायची, "म्हणा पाणी, पाणी म्हणा, पा-णी, काल तर म्हटलासा, आज का नाही?" आणि आबा चिडून तांब्या फेकायचे. मॅडमनी आईला शिकवलं की म्हणायला लावायचं नाही, त्यांना पाणी पाहिजे का चहा असं दोन पर्याय देऊन विचारायचं, दोन्ही वस्तू समोर धरायच्या, मग थांबायचं, खरंच थांबायचं, मनात दहापर्यंत मोजत. टीव्ही बंद करायचा. एका वेळी एकानंच बोलायचं (आमच्या घरात हे सगळ्यात अवघड गेलं). त्यांनी आबांच्या डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायला लावला आणि "पा-णी-दे" हे उंच-खाली सुरात म्हणवून घेतलं. ही पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या लोकांनी मांडली, गाता येतंय पण बोलता येत नाही अशा पेशंटचं गाणं वापरून बोलणं ओढून आणायचं. मॅडमनी कमाल अशी केली की सूर सौद्याचा घेतला. आबांना विचारून विचारून, म्हणजे खुणेनं, त्यांनी दर पुकारायची चाल शिकून घेतली आणि त्या चालीवर आधी आकडे, मग नावं, मग "चहा नको" असं बसवलं. आकड्यांची पण तऱ्हा बघा, नुसतं तेहतीस म्हणा म्हटलं की येत नाही, पण एकपासून सुरू केलं की तेहतीसला बरोबर पोचतात आणि थांबतात. ती शिडी वापरून, एकेक पायरी कमी करत, मॅडमनी ते सुटं केलं. हे आम्हाला घरात बसून सुचलं असतं का?

आणि नुसता आमचा अनुभव नको, २०१६ मध्ये उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा निघाला, ५७ चाचण्या आणि ३००२ पेशंट एकत्र करून बघितलेला, त्यात स्पीच थेरपीनं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारतंय असा निष्कर्ष आहे. त्यातच हे पण आहे की जास्त जोरात थेरपी दिली तर काहींना फायदा जास्त होतो पण मध्येच सोडून जाणारे पण जास्त असतात, म्हणजे सगळं गोड गोड नाही. पहिल्या तीन महिन्यांत आपोआप पण बरंच सुधारतं, हे पण खरं आहे, मी लपवत नाही. पण तुमच्या वॉर्डात सांगितलं गेलं की सहा महिन्यांत जे येईल ते येईल, नंतर काही होत नाही. २०१७ मध्ये जर्मनीतली चाचणी लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आली, १५६ पेशंट, सगळ्यांना लकवा होऊन सहा महिन्यांच्या वर झालेलं, तीन आठवडे दर आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिली, आणि त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. आठवड्याला दहा तास! आम्हाला मिळत होते पाऊण तासाचे दोन. ते पण आता गेले.

चौथी गोष्ट, ऑफिसमधनं मला एक ॲप सुचवण्यात आलं. डाउनलोड केलं. पहिलंच चित्र स्नोमॅनचं. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी फोन बंद करून ठेवला. व्हिडिओ कॉलवरची थेरपी वाईट नसते, काही जणांना त्याचा चांगला उपयोग होतो, ज्याला समजतंय आणि शेजारी बसायला माणूस आहे त्याला चालेल. पण आपली भाषा मराठी आहे, तिची मोडतोड पण मराठी पद्धतीनं होते. आबा आता शब्द जोडतात पण "ला" आणि "नं" गळून पडतात. "राजू बापू पैसे दिले" म्हणतात. कोणी कोणाला दिले? राजूनं बापूला का बापूनं राजूला? अडतीच्या धंद्यात हा फरक म्हणजे सगळं काही. इंग्रजीत कोण आधी आणि कोण नंतर यावरनं अर्थ लागतो, आपल्याकडं शेपटीवर लागतो, ते इंग्रजी ॲप काय शिकवणार. शिवाय आपला जिल्हा पडला सीमेवर. गडहिंग्लजकडच्या एक आजी यायच्या, माहेर कानडी, लग्नानंतर सगळं आयुष्य मराठीत. झटक्यानंतर कानडी आधी परत आली, मराठी मागं राहिली, आणि नातवंडांना कानडीचा गंध नाही. घरात आजी बोलत होत्या आणि कोणाला काही कळत नव्हतं. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाची कुठली भाषा आधी परत येते यावर रिबो आणि पित्र नावाचे फ्रेंच लोक एकोणिसाव्या शतकातच भांडून गेलेत, एक म्हणे आधी शिकलेली, दुसरा म्हणे जास्त वापरातली, आणि खरं बघायला गेलं तर पेशंटपरत वेगळं असतंय, बऱ्याच जणांत दोन्ही बरोबरीनं येतात. मॅडमनी त्या आजींच्या सुनेला वीस-पंचवीस कानडी शब्द लिहून दिले. ॲप हे करणार नाही.

पाचवी गोष्ट गिळण्याची. ही बहुतेक तुमच्या मीटिंगमध्ये निघालीच नसेल. स्पीच थेरपिस्टचं काम फक्त बोलण्याचं नसतंय, लकव्यानंतर घास नीट गिळता येतोय का, पाणी श्वासनलिकेत जातंय का, नाकातली नळी कधी काढायची, हे पण तेच बघतात. पातळ पदार्थाचा ठसका जास्त लागतो, दाट केलेलं सोपं जातं, हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या आत्यानं प्रेमानं पांढरा रस्सा आणलेला, चार घोटांत आबा निळे पडायला आले. अन्नपाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो आणि लकव्यातनं वाचलेला माणूस त्यानं जाऊ शकतो. खोली बंद केली म्हणजे हे काम पण बंद झालं. आता ते कोण बघणार? ज्यानं निर्णयावर सही केली त्यानं याचं उत्तर द्यावं.

सहावं थोडक्यात. तुमचा स्टाफ आबांशी ओरडून बोलायचा, बहिरे असल्यासारखं. किंवा त्यांच्याशी बोलायचाच नाही, त्यांच्या डोक्यावरनं माझ्याशी बोलायचा, "बाबांना जेवण गेलं का?" बाबा समोर बसलेत, त्यांना विचारा. बोलता येत नाही म्हणून एका सिस्टरनी कागद-पेन दिलं, लिहा म्हणाल्या. अफेजियात बहुतेक वेळा लिहिणं-वाचणं पण बिघडतंय, आबा कागदाकडं बघून रडायला लागले. संमतीपत्रावर काहीही समजावून न सांगता अंगठा घेतला, ज्या माणसानं आयुष्यभर हिशोबाच्या वह्यांवर सह्या केल्या त्याचा. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, कोणी शिकवलेलंच नाही त्यांना, एवढंच.

आणि सर्टिफिकेट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे आणि व्याख्येत अफेजियाचं सरळ नाव आहे. कायमचं राहिलं आणि ४० टक्के किंवा त्याच्या वर भरलं तर बऱ्याच सवलतींचा रस्ता उघडतो. हे डिस्चार्जच्या वेळी कोणी सांगितलं नाही. हातापायाचं सांगितलं, बोलण्याचं नाही.

त्या खोलीत फक्त आमच्यासारखे लकव्याचे लोक नव्हते हे पण ध्यानात घ्या. तीन वर्षांचं होऊन पण न बोलणारी पोरं यायची, तोतरं बोलणारा एक कॉलेजचा मुलगा यायचा, पार्किन्सननं आवाज बारीक झालेले एक आजोबा यायचे. त्यांच्या घरच्यांनी त्यांचं त्यांनी लिहावं, मी त्यांच्या वतीनं बोलत नाही, पण कागद त्यांच्यासाठी पण लागलाय.

आता मागण्या.

खोली परत सुरू करा. हेल्थ चेकअपच्या काउंटरला तळमजल्यावर कँटीनच्या बाजूला रिकामी जागा आहे, मी बघून आलेय. रोज जमत नसेल तर आठवड्याचे तीन दिवस करा पण थेरपिस्टला पगारावर घ्या, पेशंटमागं टक्केवारीवर नको, कारण टक्केवारीवर कोणी कोल्हापुरात टिकणार नाही, पुण्याला जाणार, आणि मॅडम गेल्याच. माणूस मिळत नाही म्हणू नका, मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे, याच विषयाची केंद्र सरकारची, तिथनं शिकून पोरं-पोरी बाहेर पडतात, त्यांना पत्र टाका, इंटर्नसाठी विचारा. घेताना फक्त रजिस्टर्ड माणूस घ्या.

लकव्याच्या प्रत्येक पेशंटची बोलण्याची, समजण्याची आणि गिळण्याची तपासणी डिस्चार्जच्या आधी झाली पाहिजे आणि ती कार्डावर लिहिली पाहिजे, अफेजिया आहे का नाही, असेल तर कुठला. हे वर्षभर करून बघा आणि मग पेशंट नाहीत म्हणा.

घरच्यांना शिकवायला महिन्यातनं एक तास द्या, वॉर्डातल्या स्टाफला पण त्यातच बसवा. मराठीत आणि कानडीत एक साधं चित्रांचं पुस्तक करा, त्यात स्नोमॅन नको, तांब्या, भाकरी, चप्पल, गोळ्या, संडास, मोबाइल असलं घाला, चित्रं काढून द्यायला मी आणि माझी बहीण तयार आहोत, फुकट. दिव्यांग सर्टिफिकेटची माहिती नोटीस बोर्डवर लावा. आणि ज्यांची थेरपी मध्येच तुटली त्यांना त्यांच्या फाइली देऊन टाका, त्या फाइली आमच्या आहेत, आबा कुठल्या पायरीला आहेत हे त्यातच लिहिलंय आणि नवीन थेरपिस्टला सगळं पहिल्यापासून करावं लागू नये एवढीच इच्छा आहे. हे शेवटचं तर उद्या सकाळी पण होऊ शकतंय, त्याला मीटिंग लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर आम्ही फुकट मागत नाही. फी देत होतोच. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ट्रस्टचा गरीब रुग्ण निधी असतो तो फिजिओला जसा चालतो तसाच इथं चालू द्या. आणि खरंच तोटा किती होतोय ते आकडे दाखवा, कदाचित देणगीदार आम्हीच शोधून आणू, यार्डातल्या लोकांनी आबांसाठी विचारायला सुरुवात पण केलीय.

विश्वस्तांच्या पुढच्या मीटिंगला आम्हाला बोलवा. मी, पन्हाळ्याच्या काकू आणि गडहिंग्लजच्या आजींची सून, तिघी येतो. सोबत आबा येणार आहेत आणि त्यांना स्वतः बोलायचंय, त्यामुळं दहा मिनिटांचा वेळ पुरणार नाही, अर्धा तास ठेवा. उत्तर लेखी द्या, सहीनिशी, आणि पंधरा दिवसांत द्या. नाही आलं तर हेच पत्र जिल्हा शल्यचिकित्सक, दिव्यांग आयुक्त आणि धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला पाठवणार आहे, ही धमकी समजू नका, आधीच सांगून ठेवतेय.

कळावे,

आबांची थोरली लेक
मंगळवार पेठ, कोल्हापूर